दोन नावांची गायिका

व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट १९४६ सालचा. जपानी आक्रमणाने घायाळ झालेल्या चीनच्या मदतीला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारले, ही कथा आपल्याला परिचयाची आहे. त्या चित्रपटात त्यांच्या चिनी पत्नीची, चिंग लानची, भूमिका जयश्रीबाईंनी केली. आपल्याकडची नटी पडद्यावर चिनी मुलगी झाली, परंतु त्यात कोणाची फसवणूक झाली नाही. श्रेयनामावलीत जयश्रीबाईंचे नाव होते आणि चित्रपट संपला की त्या पुन्हा जयश्रीबाईच होत्या.

त्याच १९४६ साली शांघायमध्ये एका नटीवर खटला चालला होता. तिचे नाव ली श्यांगलान. चीनमध्ये घरोघरी तिची गाणी ठाऊक होती. चिनी असून शत्रूच्या चित्रपटांत काम केले, म्हणजे देशद्रोह केला, असा तिच्यावर आरोप होता. त्या आरोपाला शिक्षा होती मृत्यूची. तिच्या बचावाचा मुद्दा मात्र एकच होता. ती चिनी नव्हतीच! ती होती योशिको यामागुची, जन्माने आणि कागदोपत्री जपानी. जयश्रीबाईंनी चिनी मुलीची भूमिका एका चित्रपटापुरती केली. योशिकोने ती पडद्याबाहेरही सात वर्षे केली. या बाईच्या आयुष्याविषयी वाचल्यापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. कलावंताच्या नावाचा आणि गळ्याचा उपयोग राज्यकर्ते आपल्या कामासाठी करून घेतात, तेव्हा त्यातला दोष कलावंताच्या पदरात किती पडतो?

योशिकोचा जन्म १२ फेब्रुवारी १९२० चा, मांचुरियातला. तिचे वडील दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या जपानी नोकरांना चिनी भाषा शिकवीत. फूशुन या कोळशाच्या खाणींच्या गावी तिचे बालपण गेले. वडिलांना चिनी भाषेचे व चिनी माणसांचे प्रेम, त्यामुळे मुलीला लहानपणापासूनच घरी चिनीचे धडे मिळाले. १९३१ साली जपानी सैन्याने मांचुरिया घेतला आणि पुढच्या वर्षी 'मांचुकुओ' नावाचे नामधारी राज्य उभे केले. त्याच १९३२ च्या सप्टेंबरात फूशुनजवळच्या पिंगडिंगशान गावातील लोकांची जपानी सैनिकांनी कत्तल केली. त्या सुमारास एका चिनी माणसाला झाडाला बांधून मारताना आपण खिडकीतून पाहिले, असे तिने उतारवयात लिहिले आहे. तेव्हा ती बारा वर्षांची होती. चिन्यांशी घरोबा ठेवणाऱ्या वडिलांवरही संशय आला आणि कुटुंब मुकदेन शहरी आले.

तिथे वडिलांचे एक चिनी मित्र, ली जिचुन, यांनी चिनी रिवाजाप्रमाणे योशिकोला मानलेली मुलगी केले. आपल्याकडे मानलेला भाऊ किंवा मानलेली बहीण असते, तसेच हे नाते. त्यात कायद्याचा काही संबंध नव्हता. होता तो जिव्हाळा. या मानलेल्या वडिलांनी तिला आपले आडनाव दिले आणि 'श्यांगलान', म्हणजे सुगंधी ऑर्किड, हे नाव ठेवले. पुढे ज्या नावाने तिला गळफासाच्या दारापर्यंत नेले, ते नाव मुळात असे प्रेमाने दिलेले होते.

गाण्याची सुरुवातही योगायोगानेच झाली. फुप्फुसांच्या आजारातून उठल्यावर श्वास सुधारावा म्हणून गाणे शिकण्याचा सल्ला मिळाला. ल्यूबा नावाची तिची एक रशियन ज्यू मैत्रीण होती. ती तिला पोद्रेसोव्ह नावाच्या गायिकेकडे घेऊन गेली. तिथे पाश्चात्त्य पद्धतीने तिचा आवाज घडला. मुकदेनच्या आकाशवाणी केंद्राला त्या वेळी मांचुरियाची गाणी म्हणणारी, शुद्ध चिनी बोलणारी आणि जपानीही समजणारी चिनी मुलगी हवी होती. अशी मुलगी मिळेना, तेव्हा योशिकोला उभे करण्यात आले आणि तिच्यासाठी ते मानलेले नाव वापरले गेले. ऐकणाऱ्यांना वाटले, मुलगी चिनीच आहे.

पुढे ती पेकिंगच्या मुलींच्या शाळेत शिकायला गेली. तिथेही ती चिनी नावानेच राहिली. जपानविरोधी चळवळीने विद्यार्थी पेटले होते. एका सभेत प्रत्येकाला विचारण्यात आले, जपानी फौज पेकिंगच्या तटापर्यंत आली तर तू काय करशील? कोणी लढेन म्हणाले, कोणी सैन्यात जाईन म्हणाले. हिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, मी तटावर जाऊन उभी राहीन. बाहेरून गोळी आली तरी ती आपल्याला लागेल आणि आतून आली तरी लागेल, असा विचार तिच्या मनात होता. तिच्या आठवणींतील हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो. सोळाएक वर्षांच्या पोरीने आपले सारे भविष्य एका वाक्यात सांगून टाकले होते.

१९३८ साली मांचुरियाच्या चित्रपट संस्थेने तिला घेतले. ही संस्था म्हणजे जपानी राजवटीचे प्रचारयंत्र होते. त्या संस्थेला जपानवर प्रेम करणारी सुंदर चिनी नटी हवी होती आणि ती त्यांना आयतीच सापडली. त्याच वर्षी ती प्रथम जपानला गेली. आपली मायभूमी पाहण्याची तिला केवढी ओढ! परंतु बंदरावर पारपत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याने तिचा चिनी पोशाख आणि जपानी नाव पाहून, जपानी असून असे कपडे घालायला लाज कशी वाटत नाही, म्हणून तिला झापले. चिन्यांमध्ये जपानीपण लपवायचे आणि जपानमध्ये चिनीपणाबद्दल बोलणी खायची, असा हा दुहेरी जाच होता.

१९३९ व १९४० या दोन वर्षांत काझुओ हासेगावा या लोकप्रिय नटाबरोबर तिचे तीन चित्रपट निघाले. त्यांतला 'शिना नो योरू', म्हणजे 'चीनची रात्र', सर्वांत गाजला आणि तोच तिला सर्वांत महाग पडला. युद्धात आईबाप गमावलेली एक चिनी मुलगी जपान्यांचा द्वेष करीत असते. एक जपानी खलाशी तिला आसरा देतो. ती हट्ट सोडत नाही, तेव्हा तो तिला थोबाडीत मारतो; आणि त्या थपडेने तिचे डोळे उघडतात, ती त्याच्या प्रेमात पडते! जपानी प्रेक्षकांना त्यात आपलेपणाचा राग दिसला. चिनी प्रेक्षकांना दिसला तो दुहेरी अपमान. मार खाणे हा एक अपमान आणि मारणाऱ्यावर प्रेम करणे हा दुसरा. ती मुलगी केवळ एक पात्र नव्हती, ती सारा चीन होती. आणि ती थप्पड एक 'चिनी' नटी हसतमुखाने स्वीकारीत होती. प्रचाराची खरी मेख इथेच आहे. जपानी नटी ती भूमिका करीत आहे हे कळले असते, तर त्या दृश्याची अर्धी किंमत राहिली नसती.

जपानमध्ये तिने वेड लावले. ११ फेब्रुवारी १९४१ रोजी टोकियोच्या निचिगेकी नाट्यगृहात तिचे गाणे होते. तिकिटांसाठी लोकांच्या रांगेने त्या इमारतीला साडेसात वेढे घातले होते असे सांगतात. गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले. दुसऱ्या दिवशी तिला एकवीस वर्षे पूर्ण झाली.

चीनने तिला आपले मानले ते १९४३ साली. अफूच्या युद्धावरील 'वान शी ल्यू फांग' या शांघायच्या चित्रपटात तिने मिठाई विकणाऱ्या मुलीचे काम केले. जपान्यांना तो चित्रपट इंग्रजांविरुद्ध हवा होता. चिनी प्रेक्षकांनी मात्र त्यात परक्या आक्रमकांविरुद्धची लढाई पाहिली, आणि त्या वेळी आक्रमक कोण होते हे सांगायला नको. त्यानंतर पेकिंगच्या पत्रकार बैठकीत एका तरुण वार्ताहराने विचारले, तू चिनी असून 'चीनची रात्र'सारख्या चित्रपटात काम का केलेस? तिने क्षमा मागितली; वय लहान होते, समज नव्हती, पुन्हा असे करणार नाही, असे सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चिनी नाहीच, हे वाक्य मात्र ओठावर येऊनही बाहेर पडले नाही. क्षमा खरी होती, पण ती मागणारे नाव खोटे होते! १९४४ साली तिने ती चित्रपट संस्था सोडली. त्याच वर्षी 'ये लाय श्यांग' हे तिचे गाणे आले. रात्री दरवळणाऱ्या फुलाचे ते गाणे पुढे तेरेसा तेंग या गायिकेनेही गायिले.

१९४५ च्या ऑगस्टात जपान शरण गेला आणि शांघायमध्ये ती नजरकैदेत पडली. तिला गोळ्या घालणार, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. ती जपानी असल्याचा एकच पुरावा होता, जपानमधील कुटुंबनोंदणीची नक्कल. ती होती पेकिंगला आईवडिलांकडे. तेव्हा ल्यूबा पुन्हा धावून आली. ती पेकिंगला गेली आणि आईवडिलांनी पाठवलेली एक जपानी बाहुली योशिकोच्या हाती पडली. त्या बाहुलीच्या आत तो कागद लपवलेला होता. १९४६ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने तिला सोडले. ती परकी असल्याने देशद्रोह सिद्ध होत नाही, परंतु चिनी नावाने असे चित्रपट करण्याचा नैतिक दोष उरतोच, असे न्यायाधीशांनी सुनावले. तिने तो दोष मान्य केला आणि जपानची वाट धरली.

इथे दुसऱ्या एका योशिकोची आठवण ठेवली पाहिजे. योशिको कावाशिमा ही मांचू राजघराण्यातली मुलगी, जपानी घरात वाढलेली, जपान्यांसाठी हेरगिरी केल्याचा आरोप असलेली. आपण जपानी आहोत असे तीही म्हणाली. परंतु पालक पित्याने तिचे नाव कुटुंबनोंदणीत कधी घातलेच नव्हते. २५ मार्च १९४८ रोजी तिला गोळी घालण्यात आली. एका कागदाने एक योशिको वाचली आणि एका कागदावाचून दुसरी गेली.

युद्धानंतरची कारकीर्द थोडक्यात सांगतो. १९५० साली अकिरा कुरोसावा यांच्या 'स्कँडल' चित्रपटात तिने बदनामीला तोंड देणाऱ्या गायिकेचे काम केले. अमेरिकेत ती 'शर्ली यामागुची' झाली. किंग व्हिडॉर यांच्या १९५२ च्या 'जपानीज वॉर ब्राइड' मध्ये ती अमेरिकन सैनिकाची जपानी वधू होती. जित देशाची मुलगी आणि जेत्या देशाचा पुरुष, हीच जोडी पुन्हा! फक्त या वेळी ती खरोखरच जित देशाची होती. १९५१ साली तिने शिल्पकार इसामू नोगुची यांच्याशी विवाह केला. तो काही वर्षेच टिकला. इसामूंचे वडील म्हणजे कवी योने नोगुची. १९३८ साली चीनवरील जपानी आक्रमणाचे समर्थन करणारी पत्रे त्यांनी रवींद्रनाथांना लिहिली होती आणि रवींद्रनाथांनी त्यांना सडेतोड उत्तर दिले होते.

१९५८ साली एका मुत्सद्द्याशी विवाह करून तिने चित्रपट सोडले. १९६९ पासून ती दूरदर्शनवर दिसू लागली. व्हिएतनाम आणि पॅलेस्टाईनमधील युद्धांचे वार्तांकन तिने केले. १९७४ ते १९९२ अशी अठरा वर्षे ती जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात होती. जपानी सैन्याने ज्या आशियाई स्त्रियांना लैंगिक गुलामीत ढकलले, त्यांच्यासाठी १९९५ साली निघालेल्या निधीच्या कामात तिने पुढाकार घेतला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तिने जुने काही झाकून ठेवले नाही. ७ सप्टेंबर २०१४ रोजी, चौऱ्याण्णव्या वर्षी, ती वारली.

तर मग दोष किती? बारातेरा वर्षांच्या मुलीला आकाशवाणीसमोर उभे करणाऱ्यांचा दोष मोठा, यात शंका नाही. पण ती पुढे एकवीस वर्षांची झाली, तेवीस वर्षांची झाली आणि गप्प राहिली. तिला सोडणाऱ्या न्यायाधीशांनी हा फरक नेमका ओळखला होता, असे मला वाटते. कायदा कागद पाहून थांबतो, मन थांबत नाही. युद्धकाळात राजवटीची गाणी गाणारे कलावंत सर्वच देशांत झाले, आणि पुढे 'आम्ही फक्त कला केली' म्हणून हात झटकणारेही पुष्कळ निघाले. हात झटकायला या बाईजवळ तर न्यायालयाचा शिक्का होता. तरीही उरलेले आयुष्य ती त्या थपडेबद्दल बोलत राहिली. पेकिंगच्या त्या सभेत तिने तटावर उभे राहण्याची भाषा केली होती. तरुणपणी तिला ते जमले नाही. म्हातारपणी, उशिरा का होईना, ती तिथे जाऊन उभी राहिली.