चौदा बोअरची गोळी आणि रानडुकराची ढाल

दिवाळीच्या सुमाराला शेंदूरजनाघाटच्या बागांत आंबिया बहाराची संत्री तोडीला आलेली असतात, आणि नेमकी तेव्हाच रात्रीची जागल वाढते. सातपुड्याचा पायथा जवळ. डोंगर ओलांडला की मध्य प्रदेश. अंधार पडला की वरून रानडुकरांचे कळप उतरतात, रोही, म्हणजे नीलगायी, येतात. डुक्कर झाडाखालची माती उकरतं, गळालेली संत्री खातं, ठिबकच्या नळ्या चावून ठेवतं. रोही नव्या कलमांचे शेंडे खुडतो. फटाके, डबे, कुत्री, झटका मशीन असे सगळे उपाय करून झाले की पारावरची चर्चा बंदुकीवर येते आणि तिथेच अडकते. परवाना कोणाकडे आहे, वनखातं परवानगी देईल का, एवढंच विचारलं जातं. गोळी कुठली, हे विचारताना मी कोणाला ऐकलं नाही. याच सातपुड्यात बंदूक घेऊन फिरलेल्या एका माणसाने दीडशे वर्षांपूर्वी त्या एका प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं.

कॅप्टन जेम्स फोरसिथ त्याचं नाव. १८६२ मध्ये तो पचमढीच्या पठारावर पोचला आणि तिथे त्याने ‘बायसन लॉज’ बांधला. पुढे निमाडात जमाबंदीचं काम केलं, डेप्युटी कमिशनर झाला. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं त्याचं पुस्तक १८७१ मध्ये, म्हणजे तो वारला त्याच वर्षी निघालं, आणि त्यामुळेच त्याचं नाव टिकलं. पण त्याआधी १८६३ मध्ये त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर लिहिलं होतं. त्याची दुसरी आवृत्ती १८६७ मध्ये आली.

त्या काळी फौजेत एनफिल्ड रायफल होती. तिची लांबुळकी शिशाची गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे साधारण ३४ ग्रॅमची. ती खोल जायची, पण हळू जायची. हळू जाणारी गोळी वाटेत खाली झुकते, त्यामुळे जनावर ऐंशी पावलांवर आहे की दीडशे, हे अचूक ओळखावं लागतं. कवायतीच्या मैदानावर ते जमतं. सागाच्या रानात, झुडपाआडून अर्धा दिसणारा गवा समोर असताना जमत नाही. फोरसिथचं म्हणणं असं की रानातला बहुतेक नेम शंभर-दीडशे यार्डांच्या आतला असतो, तेव्हा तेवढ्या अंतरात सरळ जाणारी गोळी हवी. म्हणून त्याने उलटी वाट धरली: मोठ्या बोअरची गोल गोळी, तिच्यामागे भरपूर दारू, आणि नळीतल्या आट्यांना अगदी मंद पीळ, जवळजवळ साडेआठ फुटांत एक वेढा. पीळ घट्ट असला तर जोरात सुटलेली मऊ गोळी आट्या न धरता घसरत निघते. मंद पिळात ती आट्या धरते आणि सरळ जाते.

बोअरचं गणित साधं आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या चौदा गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती चौदा बोअरची नळी. अशी गोळी ३२ ग्रॅमची भरते. बारा बोअरची त्याहून जड, जवळजवळ ३८ ग्रॅमची. एवढा गोळा जोरात बसला की जनावर हादरतं. मात्र गोल गोळीत एक खोट आहे. तिच्या जाडीच्या मानाने वजन कमी, त्यामुळे हवेत तिचा वेग लवकर मरतो आणि मांसातही ती लवकर थांबते. म्हणून मोठ्या जनावरासाठी शिशात कथील मिसळून ते कडक करायचे. फोरसिथने तर पोटात स्फोटक भरलेली गोळीही बनवली होती. तिच्याबद्दल वाचताना आजच्या वाचकाला ती सर्कशीतली चीज वाटेल, पण ती ज्या भीतीतून निघाली ती भीती खरी होती: गोळी लागूनही जनावर पडत नाही.

ही भीती समजण्यासाठी मेळघाटातला गवा डोळ्यांपुढे आणावा. पूर्ण वाढलेला नर आठशे ते हजार किलोंचा. त्याच्या पाठीवर खांद्यापासून मागे गेलेला उंच कणा असतो, मणक्यांच्या लांब हाडांवर उभारलेला. नवख्याचा डोळा शरीराचा मध्य शोधतो आणि नेम त्या उंचवट्याच्या हिशेबाने वर धरतो. गोळी मग फुप्फुसांच्या वरून, मांसातून आणि हाडांच्या टोकांतून जाते. गवा गुडघे टेकतो, उठतो, बांबूच्या बनात शिरतो. हृदय असतं पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. तिथवर पोचायला जाड कातडं, खांद्याचं मांस आणि बहुधा एखादं हाड फोडून जावं लागतं. वाघाचं तसं नाही. त्याचं कातडं पातळ, हाडं हलकी. गव्याला लागणारी कडक गोळी वाघातून आरपार निघून जाते आणि मागे बारीक भोक ठेवते. वाघासाठीची मऊ गोळी गव्याच्या खांद्यावरच चपटी होते. म्हणजे चांगली गोळी असं काही नसतं. कुठल्या जनावरासाठी, कुठल्या अंगाने, किती अंतरावरून, हे ठरल्याशिवाय गोळी ठरत नाही.

हे न समजल्याने एक अख्खी पिढी फसली. फोरसिथनंतर ‘एक्सप्रेस’ रायफलींचं वेड आलं. हलकी, नाकात पोकळी असलेली, वेगवान गोळी हरणावर विजेसारखी काम करायची. तीच गव्यावर, अस्वलावर वरच्या वर फुटायची. सर सॅम्युएल बेकरसारख्या मुरलेल्या शिकाऱ्याने या पोकळ गोळ्यांविरुद्ध कडक लिहिलं आणि भरीव शिशाची बाजू घेतली. मग काळी दारू जाऊन कॉर्डाइट आलं, वेग एवढा वाढला की नुसतं शिसं नळीत टिकेना, आणि गोळीला धातूचं कवच चढवावं लागलं. १८९८ मध्ये रिग्बीची .४५० नायट्रो एक्सप्रेस आली: ४८० ग्रेनची गोळी, सेकंदाला २१५० फूट. फोरसिथला हवा होता तो सरळपणा, आणि त्याच्या गोल गोळीत नव्हती ती खोली, दोन्ही एका काडतुसात आले.

कवचाबरोबर नवा घोळही आला. पूर्ण कवचाची गोळी फुलत नाही. सरहद्दीवरच्या लढायांत ब्रिटिश फौजेची तक्रार होती की .३०३ची गोळी लागूनही माणूस चालून येतो. तेव्हा कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने नाकावरचं कवच काढून आतलं शिसं उघडं ठेवलं. ही ‘दमदम’ गोळी अंगात शिरून फुलायची. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेने युद्धात फुलणारी गोळी अमानुष ठरवून बाजूला काढली. शिकारीत मात्र उलट झालं. इंग्लंडमधल्या १९९१च्या हरिणविषयक कायद्याप्रमाणे रायफलने हरिण मारायचं तर गोळी मऊ किंवा पोकळ नाकाचीच हवी, कारण जनावर लवकर मरावं. शत्रूला जे क्रूर, ते हरणाला दयाळू; माणसाच्या कायद्यांत अशा गाठी पुष्कळ सापडतात.

गोळीतला फरक केव्हा कळतो? घोडा दाबल्यावर नाही, माग काढताना कळतो. पानांवर पडलेलं रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुसाला लागलं आहे, जनावर लांब जाणार नाही. काळपट, घट्ट असेल तर यकृत. अर्धा तास थांबून मग निघावं. रक्तात हिरवट चोथा दिसला की गोळी पोटात बसली, आणि इथे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. ते जनावर तासन्‌तास जगतं, झुडपात दबा धरतं. हा माग वाकून काढणारा सहसा साहेब नसायचा. पुढे कोरकू किंवा गोंड मागकाढ्या, त्याच्या मागे बंदूक. साहेबाने लंडनच्या दुकानात चुकीचं काडतूस घेतलं, तर त्याची किंमत पुढे चालणाऱ्याने मोजायची, किंवा पंजा मोडलेला वाघ पुढे गुरांवर आणि माणसांवर उतरला तर एखाद्या गावाने. शिकारकथांत नेमाचं कौतुक पानोपानी असतं. मागकाढ्याचं नाव क्वचित येतं.

१९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली, कारण त्याच मापाची दारूगोळ्याची सामग्री बंडखोरांच्या हाती जाईल अशी भीती होती. बंदूकवाल्यांनी लगेच .४६५ आणि .४७० अशी शेजारची मापं काढली. हा साहेबी कारभार स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला: पन्नास-साठच्या दशकांत नागपूरची अ‍ॅलविन कूपर ही कंपनी पाहुण्यांना शिकारीच्या सफरींवर नेत असे. ती काढली होती विद्याचरण शुक्लांनी, जे पुढे केंद्रात मंत्री झाले. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, दोनच वर्षांत मेळघाट व्याघ्र प्रकल्प आला. मोठ्या जनावरासाठी कुठली गोळी, हा प्रश्न छंद म्हणून संपला, आणि तो संपला हे ठीकच झालं.

पण डुकराच्या रूपाने तो मागच्या दाराने परत आला. पूर्ण वाढलेल्या नर डुकराच्या खांद्यांवर आणि फासळ्यांवर कातड्याखाली चिवट, घट्ट ऊतींचा थर असतो. नरांच्या आपसातल्या झुंजीत सुळ्यांपासून तो वाचवतो, म्हणून त्याला ढाल म्हणतात. त्यावर हे जनावर चिखलात लोळतं आणि झाडाला अंग घासतं, तेव्हा बाहेरून वाळल्या चिखलाचा लेप. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याला कॅनडात हेच दिसलं. वाळलेल्या चिखलाने माखलेल्या मूझच्या खांद्यावर त्याच्या वेगवान गोळ्या फुटून गेल्या, आत पोचल्याच नाहीत. त्याने घरी जाऊन मधे धातूची भिंत असलेली गोळी बनवली: पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा अर्धा अखंड राहून आत जातो. १९४८ पासून ती ‘पार्टिशन’ नावाने विकली जाते. पुढे १९८९ मध्ये बार्न्सची सबंध तांब्याची गोळी आली, जी फुलते पण तुटत नाही. फोरसिथच्या काळापासून सगळी खटपट या एकाच गोष्टीसाठी चालली आहे: गोळीने रुंद व्हावं, पण वजन टाकू नये.

आपल्याकडच्या परवानाधारकाच्या हाती यातलं काय आहे? नशीबवान असेल तर .३१५ची रायफल. तिचं एक काडतूस मी हातात घेऊन पाहिलं आहे. पितळी, बुडाशी कडा असलेलं, बुडावर ‘केएफ’ ही खडकीच्या कारखान्याची खूण, आणि कवचातून डोकावणारं करड्या शिशाचं नाक, अंगठ्याच्या नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. २४४ ग्रेनची ही गोळी डुकरासाठी वाईट नाही. पण बहुतेकांकडे असते बारा बोअर. तिच्या एलजी काडतुसात मोठे छर्रे असतात, एकेक साडेचार ग्रॅमच्या आसपास. वीस पावलांवर ते एकत्र बसतात. चाळीस पावलांवर, टॉर्चच्या उजेडात, पांगतात, आणि एक-दोन ढालीत रुतून राहतात. डुक्कर पळतं. सकाळी ते कोणाच्या वावरात, कोणत्या अवस्थेत सापडेल याचा नेम नाही, आणि जखमी डुक्कर बाईमाणसाच्या अंगावर धावून आलं तर गोळी झाडणारा तिथे नसतो.

त्याहून गमतीची, म्हणावी तर संतापाची, गोष्ट कायद्यात आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी मुळात कुठल्या बंदुकीचा परवाना द्यावा हे लिहिलं आहे: ठासणीच्या. म्हणजे तोंडातून दारू भरायची, वरून गोळी ठासायची, टोपी लावायची. फोरसिथच्या काळचं हत्यार, तेही त्याच्या आट्यांशिवाय, त्याच्या कडक केलेल्या शिशाशिवाय. शेतकऱ्याला बंदूक दिली खरी, पण जी त्या जनावराला मारण्यापेक्षा जायबंदी करण्याचीच भीती जास्त ती.

वाद मात्र दुसरीकडेच चालतो. राज्य शासनाने २०१५ मध्ये पिकं खाणाऱ्या रोही-डुकरांना मारण्याच्या परवानगीची वाट मोकळी केली, तेव्हा भांडण मारावं की नाही यावर झालं. २०१६च्या जूनमध्ये बिहारमधल्या मोकामा इथे हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले, तेव्हा केंद्रातले दोन मंत्री याच मुद्द्यावर जाहीरपणे भांडले. २०१८ मध्ये, २ नोव्हेंबरच्या रात्री, यवतमाळ जिल्ह्यात नरभक्षक ठरवलेली अवनी वाघीण गोळीने मेली. तिच्या बाबतीत गोळी कोणत्या अंगाने लागली, हा प्रश्न शवविच्छेदनानंतर देशभर गाजला. डुकराचं शवविच्छेदन कोण करतो?

परवानगी द्यायचीच असेल तर तिच्या कागदावर बोअर आणि काडतुसाचा प्रकार लिहिला जावा, अंतर लिहिलं जावं, आणि सुटलेलं जखमी जनावर शोधण्याची जबाबदारी कोणाची ते नावानिशी लिहिलं जावं. यात अशक्य काही नाही. हरिणांविषयीच्या त्याच इंग्रजी कायद्यात पीक वाचवणाऱ्या शेतकऱ्याला छर्ऱ्याच्या बंदुकीची सवलत आहे, पण नळी निदान बारा बोअरची हवी, आणि काडतुसात एकच गोळी असेल तर ती २२.६८ ग्रॅमपेक्षा हलकी नसावी आणि गोल नसावी, एवढं बारकाईने तिथे लिहिलेलं आहे.