सायकल चालवा, पण बीपीची गोळी सोडू नका

जळगावात मेहरूण तलावाकडे किंवा धुळ्याहून लळिंगच्या दिशेने पहाटे सायकल घेऊन निघणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेलेही असतात. त्यांतले काही जण बीपीची गोळी घेणारे असतात. ओपीडीत त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘‘डॉक्टर, रोज सायकल चालवतो. आता गोळी बंद केली तर चालेल का?’’

स्वतःहून बंद करू नका. नियमित सायकलिंगने उच्च रक्तदाब असलेल्यांचे वरचे बीपी साधारण ५ ते ८ अंकांनी उतरते. हा फायदा मोठा आहे. पण ज्याचे बीपी १६० होते, त्याला तेवढे पुरत नाही. गोळी कमी करायची का, हे घरी आठवडाभर मोजलेल्या नोंदी पाहून डॉक्टर ठरवतील. या नोंदी सायकलिंगपूर्वी, पाच मिनिटे शांत बसून घ्या. सायकल चालवताना बीपी चढते आणि नंतर काही तास नेहमीपेक्षा खाली राहते. त्या वेळचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका.

आपली गोळी कोणती, हे सायकलस्वाराला माहीत हवेच.

एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल : या गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. चढावर लवकर दम लागतो. ‘२२० वजा वय’ हे सूत्र इथे चालत नाही, घड्याळातला पल्सचा आकडाही फसवतो. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, एवढाच वेग ठेवा. ही गोळी अचानक बंद करणे धोक्याचे असते.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या : पाकिटावर नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ असेल, तर बहुधा हे औषध त्यात असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. घामातून आणि लघवीतून पाणी, सोडियम, पोटॅशियम गेले की चक्कर येते, पायांत गोळे येतात.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल : व्यायामाला यांचा अडथळा होत नाही. मात्र शरीरातले पाणी कमी झालेले असताना गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. सोबत लघवीची गोळी असेल, तर धोका आणखी वाढतो. मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक घेऊ नका.

अॅम्लोडिपिन : सायकलिंगला सहसा त्रास होत नाही. घोट्यावर सूज आली, तर ती सायकलमुळेच आहे असे समजू नका.

गोळीची वेळ बदलता येते. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘टाइम’ चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळी सकाळी घेतली काय किंवा संध्याकाळी, हृदयविकार व पक्षाघाताच्या प्रमाणात फरक आढळला नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून सोयीची वेळ ठरवा. पण डोस चुकवू नका.

उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी घरी परता. तासाभराच्या फेरीला साधे पाणी पुरते. मिठाचे पाणी उगाच पिऊ नका. पापड, लोणचे आणि शेवभाजीतून मीठ भरपूर मिळते. शेवटची दहा मिनिटे वेग हळूहळू कमी करा; एकदम थांबल्यास बीपी झपकन उतरून भोवळ येते.

सकाळी बीपी १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल, तर सायकल काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी असे काहीही झाले, तर तिथेच थांबा आणि १०८ ला फोन करा.