गर्दी लाखांची, गल्ला किती?

फाल्गुन लागला की आमच्या चिखलीच्या कापड बाजारात एकच विषय निघतो, तो म्हणजे सैलानीची यात्रा. बुलढाणा तालुक्यातील पिंपळगाव सराई येथे हजरत हाजी अब्दुर्रहमान उर्फ सैलानी बाबा यांचा दर्गा आहे. होळीच्या आसपास यात्रा भरते आणि रंगपंचमीला संदल निघतो. मुसलमानांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक हिंदू भाविक येथे येतात. महाराष्ट्राबाहेरूनही गाड्या भरून येतात. वर्तमानपत्रे लाखांचे आकडे छापतात आणि ते आकडे वाचून आमचे तरुण दुकानदार माल भरायला निघतात. या मालाच्या हिशेबाबद्दल आम्हाला काही सांगायचे आहे.

श्रद्धेचा वाद आम्ही येथे काढीत नाही, त्यासाठी आलिम मंडळी आहेत. व्यापाराच्या पानावर प्रश्न एवढाच की, एवढी माणसे येतात तेव्हा पैसा कोणाच्या हाती राहतो आणि खर्च कोणाच्या अंगावर पडतो?

हा प्रश्न एकट्या सैलानीचा नाही. इटलीतील व्हेनिस हे शहर पाण्यावर वसलेले व जगप्रसिद्ध. तेथे हजारो प्रवासी घेऊन प्रचंड जहाजे येत. प्रवासी सकाळी उतरत, गल्लोगल्ली फिरत, फोटो काढत आणि संध्याकाळी जहाजावर परतत. झोपणे जहाजात, जेवण जहाजात. शहराच्या वाट्याला गर्दी, कचरा आणि थोडीफार किरकोळ विक्री. घरे पाहुण्यांना भाड्याने जाऊ लागली, भाडी वाढली, किराणा-भाजीच्या दुकानांच्या जागी खेळणी-मुखवट्यांची दुकाने आली. १९५१ साली जुन्या व्हेनिसमध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ साली ती वस्ती ५० हजारांच्या खाली गेली. शेवटी ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहराच्या मुख्य कालव्यात बंदी झाली. २५ एप्रिल २०२४ पासून ठराविक दिवशी, फक्त दिवसापुरते येणाऱ्या पाहुण्याकडून ५ युरो घेण्यास सुरुवात झाली. जगभरचा पाहुणा ज्या शहराकडे धावत होता, त्याला पाहुण्यांवर कर बसवावा लागला. कारण एकच. जो मुक्काम करीत नाही, तो त्या गावात खर्चही फारसा करीत नाही.

आता सैलानीचा भाविक पाहा. तो जहाजाने येत नाही. टेम्पो, जीप किंवा एस.टी.ने येतो. पण त्याची रीत बरीचशी तीच आहे. घरून पीठ, तांदूळ, मसाला, स्टोव्ह, सतरंजी बांधून आणतो. शेतात राहुटी ठोकतो आणि तेथेच स्वयंपाक करतो. तो गरीब आहे, त्याला दोष देण्याचे कारण नाही. कित्येक घरांतून आजारी माणूस घेऊन लोक येतात, त्यांचा पैसा आधीच औषधपाण्यात संपलेला असतो. असा माणूस बाजारातून घेणार काय? नारळ, अगरबत्ती, शिरणी, एखादी चादर आणि लेकरांसाठी खेळणे.

त्यातही चादरीचा पैसा आमच्या भागात किती थांबतो? चमकीची चादर ज्या कृत्रिम धाग्याच्या कापडाची असते, ते चिखलीत विणले जात नाही, ते सुरतेकडून येते. यात्रेत पाल लावणारेही बरेचसे फिरते व्यापारी असतात. ते एका उरुसातून दुसऱ्या उरुसात जातात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पाल गुंडाळून निघून जातात. आपल्या भागात राहते ती जागेच्या भाड्याची आणि मजुरीची रक्कम.

एक साधा हिशेब मांडू. समजा, एखाद्याने ८० रुपयांच्या भावाने ५०० चादरी उचलल्या. झाले ४० हजार. १२० रुपयांनी ३५० खपल्या, हाती आले ४२ हजार. जागा, टेम्पो, लाइट आणि गड्याचा पगार मिळून ९ हजार गेले. म्हणजे रोकडीत ७ हजारांची खोट, आणि घरी १५० चादरी शिल्लक. त्या पडत्या भावाने १२ हजारांच्या. त्या खपल्या तर नफा ५ हजार, न खपल्या तर पुढच्या फाल्गुनापर्यंत कपाटात. माल उधारीचा असेल तर ठोकवाल्याचा तगादा निराळा. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे प्रशासनाने यात्राच रद्द केली, तेव्हा ज्यांनी आधीच गठाणी सोडवल्या होत्या त्यांची काय गत झाली, हे आमच्या बाजाराने पाहिले आहे.

दुसरी गोष्ट पंचांगाची. बहुतेक उरूस हिजरी तारखेवर चालतात, म्हणून ते दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. सैलानीची यात्रा होळीला बांधलेली असल्याने ती साधारण मार्चमध्येच येते. हरभरा-गहू निघालेला असतो, शेतकऱ्याच्या हाती दोन पैसे असतात, हा फायदा. पण त्याच दिवसांत रमजान आला तर कापडवाल्याची कोंडी होते. २०२४ साली १२ मार्चला रमजान लागला आणि होळी २४ मार्चला आली. २०२५ साली २ मार्चला रमजान आणि १३ मार्चला होळी. ईदचा माल आणि यात्रेचा माल एकाच भांडवलातून भरायचा. अशा वेळी भांडवल ईदच्या मालातच घालावे, कारण ईदचे गिऱ्हाईक आपले, ओळखीचे आणि दरवर्षी येणारे असते. २०२७ साली ईद आधी आणि यात्रा नंतर असा क्रम येतो. तेव्हा थोडी सवड मिळेल.

खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. मार्च म्हणजे आमच्या जिल्ह्यात विहिरींचे पाणी खाली जाण्याचा काळ. लहानशा गावाच्या पाण्यावर लाखोंचा भार पडतो. यात्रा उठल्यावर शेतात प्लास्टिक, पत्रावळी, फाटकी कापडे राहतात. होळीत नारळांबरोबर कपडेही जाळले जातात. सुती कापड जळून राख होते. कृत्रिम धागा वितळतो, काळा धूर सोडतो आणि त्याचे गोळे मातीत राहतात. ते शेत पुन्हा नांगरायचे असते गावच्याच शेतकऱ्याला. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना एस.टी. मोफत झाली आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. गरिबाची सोय झाली, हे चांगलेच. पण प्रवास स्वस्त झाला की माणसे वाढतात, आणि त्या प्रमाणात पाणी व संडास वाढले नाहीत तर त्रास गावालाच होतो.

मग यात्रेला आवर घाला म्हणणे म्हणजे श्रद्धेला विरोध काय? मुळीच नाही. हजपेक्षा मोठा इज्तिमा कोणता? तेथेही १९८८ पासून प्रत्येक देशाला दर हजार मुस्लिम लोकसंख्येमागे एक या हिशेबाने कोटा बांधून दिलेला आहे. २०२४ साली भारताला १,७५,०२५ जागा मिळाल्या. जेथे फर्ज अदा करायचे आहे तेथे नियम चालतो, तर यात्रेत राहुट्यांच्या जागा, रस्ते आणि पाणी यांचा नियम का चालू नये? शिवाय हजच्या दिवसांत हलाल रोजी कमावण्यास सूरह बकराच्या १९८ व्या आयतीने मुभा दिली आहे. म्हणजे जियारतीच्या जागी व्यापार करणे वाईट नाही, मात्र तो सचोटीचा हवा. यात्रेच्या गर्दीत कृत्रिम कापड रेशीम म्हणून विकणे आणि मीटरमध्ये चार बोटे कमी देणे, हे प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. माप मारणाऱ्यांवर कुरआनात एक संपूर्ण सूरह, सूरह मुतफ्फिफीन, उतरली आहे. परगावचे गिऱ्हाईक पुन्हा भेटणार नाही असे समजून जो फसवतो, तो साऱ्या बाजाराचे नाव घालवतो.

आमच्याच जिल्ह्यातील शेगावकडे पाहण्यासारखे आहे. गजानन महाराजांच्या दर्शनाला तेथे बारा महिने लोक येतात. रेल्वे आहे, संस्थानाचे भक्तनिवास आहेत, स्वच्छता आणि शिस्त आहे. मुक्काम होतो म्हणून गावात खर्च होतो. तेथली कचोरीसुद्धा गावचे नाव घेऊन दूरवर विकली जाते. चिखलीला रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी ब्रिटिश काळापासून पडून आहे. तेव्हा जे हाती आहे त्यातूनच मार्ग काढला पाहिजे. आमच्या सूचना अशा :

पहिली, पाच दिवसांच्या गर्दीवर दुकान उभे करू नका. सैलानीला गुरुवारी, शुक्रवारी, अमावास्येला वर्षभर लोक येतात आणि रुग्णांचे नातेवाईक महिनोन्‌महिने राहतात. त्यांना चादर एकदाच लागते, पण गोधडी, ब्लँकेट, लुंगी, टॉवेल, लेकरांचे कपडे नेहमी लागतात. हेच खरे गिऱ्हाईक आहे.

दुसरी, चार-पाच दुकानदारांनी मिळून ठोक माल आणावा आणि न खपलेला माल परत घेण्याची अट आधीच लिहून घ्यावी.

तिसरी, चादर सुती करावी. भाविकाला सांगावे की हे कापड नंतर एखाद्या गरिबाच्या अंगावर जाऊ शकते. दर्ग्याच्या व्यवस्थापनाशी बोलून ते बेवा व यतीम यांच्यापर्यंत पोहोचवता येईल. सव्वा मीटर चमकी कोणाच्या कामी येत नाही, अडीच मीटर सुती कापडाचा कुडता होतो.

चौथी, २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. चिंध्या आणि कटपीसच्या पिशव्या आपल्या मोहल्ल्यातील बायका घरबसल्या शिवू शकतात. त्यांची मजुरी तरी चिखलीतच राहील.

पाचवी, प्रत्येक पालवाल्याकडून सफाईसाठी ठराविक रक्कम पावती देऊन घ्यावी आणि ती गावाच्या सफाईवरच खर्च व्हावी. फिरता व्यापारी कमावून जातो, त्याने झाडूचा खर्च तरी द्यावा.

येत्या यात्रेपूर्वी चिखली, बुलढाणा व पिंपळगाव सराईच्या व्यापाऱ्यांनी एकदा बसून या पाच गोष्टींवर विचार करावा, अशी आमची विनंती आहे. बरकत अल्लाहच्या हाती आहे. मात्र वहीत जमेसोबत खर्चही लिहिणे हे आपले काम आहे, आणि त्या खर्चात पिंपळगाव सराईचे पाणी व शेत धरलेच पाहिजे.