नव्या फोनवर जुना ड्रोन

मोटर शाबूत आहे, बॅटरी भरलेली आहे, पातीही सरळ आहेत. तरी ड्रोन जमिनीवरून हलत नाही, कारण त्याचं ॲप नव्या फोनवर चालतच नाही. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांनाच तेवढी सूट मिळाली. त्यामुळे हाती असलेला ड्रोन टिकवण्याची गरज वाढली. फोन मात्र बदलत राहतो. मग शोध सुरू होतो ॲपच्या जुन्या आवृत्तीचा.

‘पॅरट’ या फ्रेंच कंपनीचा ‘एआर.ड्रोन’ २०१० साली आला. ड्रोन स्वतःचं वाय-फाय सुरू करतो, फोन त्याला जोडला जातो आणि ॲप साधारण दर ३० मिलिसेकंदांनी नवी आज्ञा धाडतं. दोन सेकंद काहीच आलं नाही, तर संपर्क तुटला असं ड्रोन धरून चालतो. म्हणजे हे ॲप सुकाणूच आहे. २०१९ मध्ये पॅरटने खेळण्यातल्या ड्रोनच्या बाजारातून अंग काढून घेतलं. लोकांच्या कपाटातले ड्रोन मागे राहिले.

जुनं ॲप नवा फोन का नाकारतो? एक कारण प्रोसेसरचं. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोनवर ३२ बिटची ॲप चालत नाहीत. २०२२ चा पिक्सेल ७ हाही फक्त ६४ बिटचीच ॲप घेतो. दुसरं कारण सुरक्षेचं. कॅमेरा, लोकेशन यांची परवानगी ॲपने वापरताना मागावी, हा नियम २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये आला. तो चुकवण्यासाठी काही घातक ॲप स्वतःला मुद्दाम त्याआधीच्या अँड्रॉइडसाठीची म्हणवत. म्हणून २०२३ च्या अँड्रॉइड १४ ने अशा ॲपना दारातच अडवलं. त्यात प्रामाणिक जुनी ॲपही अडकली.

फोनवर नवी आवृत्ती असेल, तर तिच्यावर जुनी बसत नाही. अँड्रॉइड प्रत्येक आवृत्तीचा क्रमांक तपासतं आणि लहान क्रमांक नाकारतं. आधी नवं ॲप काढून टाकावं लागतं आणि त्यासोबत फोनमधल्या उड्डाणांच्या नोंदीही जाऊ शकतात. त्या आधी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. ड्रोनचं फर्मवेअर त्या आवृत्तीशी जुळतं का, हेही पाहावं.

खरा धोका फाइल कुठून आणली यात आहे. प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर निर्मात्याची डिजिटल सही असते. बसवलेल्या ॲपवर अपडेट येताना फोन दोन्ही सह्या ताडून पाहतो. पण जुनं काढून नव्याने बसवताना ताडायला काहीच उरत नाही. फेरफार केलेली, परक्या सहीची फाइलही बसू शकते. यावर उपाय म्हणजे एसएचए-२५६ ठसा. फाइलमधला एक बाइट बदलला तरी ६४ अंकाक्षरांचा हा ठसा पार बदलतो. निर्मात्याने तो जाहीर केला असेल, तर पडताळणी मिनिटाभराची.

जुन्या ॲपमधला प्रतिबंधित क्षेत्रांचा नकाशाही जुनाच असतो. मुंबईच्या उपनगरांत ही गोष्ट गंभीर ठरते. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. अंधेरी आणि घाटकोपर त्या कक्षेत येतात. मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेशही वेळोवेळी निघतात. ॲपने अडवलं नाही, याचा अर्थ मुभा आहे असा होत नाही. जुन्या आवृत्तीची पहिली चाचणी तर घरातच, पाती उतरवून आणि फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवून व्हावी. ड्रोनच्या वाय-फायवर इंटरनेट नसल्याने काही फोन आपणहून मोबाइल डेटाकडे वळतात आणि ड्रोनशी संपर्क तुटू शकतो.

२००९ साली जन्मलेली ‘मॅव्हलिंक’ ही ड्रोनशी संवादाची खुली पद्धत आहे. तिचे नियम सर्वांना उपलब्ध असल्याने एक ॲप बंद पडलं तरी दुसरं लिहिता येतं. ड्रोन आता भारतातही घडतात. पवईच्या आयआयटीतल्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापलेली ‘आयडियाफोर्ज’ नवी मुंबईत ते बनवते. प्रत्येक ड्रोन उत्पादकावर नियमानेच एक जबाबदारी टाकायला हवी: विक्री थांबवताना ॲपची शेवटची आवृत्ती, तिचा ठसा आणि आज्ञांची यादी जाहीर करण्याची. ग्राहकाने पैसे उडणाऱ्या यंत्राचे मोजलेले असतात.