पैसा तिकडचा, निर्णय कोणाचा?

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे दुसरबीड हे गाव ख्रिस्ती मिशनचे केंद्र म्हणून ओळखले जात नाही. परंतु परदेशी आणि देशी मंडळ्यांचे परस्परसंबंध कसे घडले आणि कसे बदलले हे समजून घेण्यासाठी या गावाभोवतीचा नकाशा फार उपयोगी पडतो. पश्चिमेस जालना आहे, जिथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चने काम उभारले. उत्तरेस चिखली-बुलढाणा आणि पूर्वेस वाशीम आहे, जिथे अमेरिकेतील चर्च ऑफ द नाझरीन या पंथाने पाय रोवले. आणि त्याही उत्तरेस खामगाव व अकोला ही ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या दुसऱ्या अमेरिकी संस्थेची ठाणी होती. मराठी ख्रिस्ती लोक ज्याला ‘मंडळी’ म्हणतात तो उपासक समाज या सर्व ठिकाणी मराठीच होता. परंतु त्याच्या पाळकांचा पगार, शाळांचे अनुदान आणि दवाखान्यांची औषधे दीर्घकाळ समुद्रापलीकडून येत राहिली, आणि त्यांच्याबरोबर निर्णयही तिकडूनच येत राहिले.

ही विभागणी आपोआप झालेली नव्हती. एकाच मुलखात दोन मिशन संस्थांनी एकमेकींवर कुरघोडी करू नये, म्हणून ‘कॉमिटी’ नावाचा संकेत पाळला जाई. म्हणजे प्रत्येक संस्थेने आपापले जिल्हे वाटून घ्यायचे आणि दुसरीच्या हद्दीत काम काढायचे नाही. संकेतामागचा हेतू सलोख्याचा होता, पण त्याचा परिणाम असा झाला की कोणते कुटुंब स्कॉटिश परंपरेचे प्रेस्बिटेरियन होणार आणि कोणते नाझरीन, हे त्याच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या तालुक्यावर ठरू लागले. मेथडिस्टांनी १९३०च्या दशकात वाशीमचे क्षेत्र नाझरीन मिशनकडे सोपवले, हे त्याचे ठळक उदाहरण होय. दवाखान्याच्या बाबतीत हा बदल हितकारक ठरला, कारण त्यातूनच डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे केले आणि दूरदूरच्या खेड्यांतील बाळंतिणींना व रोग्यांना हक्काची जागा मिळाली. तरीही हस्तांतराचा करार झाला तो दोन परदेशी संस्थांमध्ये, आणि मराठी मंडळी त्या कराराची पक्षकार नव्हती.

जालन्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले, मुंबईतील डॉ. जॉन विल्सन यांच्यासारखे मिशनरी नव्या चर्चकडे गेले आणि जुन्या चर्चच्या मालकीच्या इमारती त्यांना सोडाव्या लागल्या. एडिंबरोतील भांडणाने मुंबईतील शाळेचे छप्पर जावे, इतके हे नाते घट्ट आणि एकतर्फी होते. शेषाद्री पुढे दीक्षित पाळक झाले आणि त्यांनी निजामाच्या राज्यातील जालना हे आपले क्षेत्र मानले; दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले, ज्याला शाळा होती, शेती होती आणि स्वतःचे प्रार्थनामंदिर होते. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते उपस्थित होते. परदेशी व्यासपीठावर मराठी पाळकाने उभे राहून आपल्या कामाचा हिशेब आपणच मांडावा, ही त्या काळी अपूर्व घटना होती. आणि दुसरबीडपासून जवळच असलेल्या बेथेलची आठवण आज त्या परिसरातही फारशी कोणी काढत नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

भागीदारी म्हणजे नेमके काय, याचा सर्वांत समृद्ध मराठी दाखला मात्र पंडिता रमाबाईंच्या कार्यात सापडतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथील मठवासी ख्रिस्ती भगिनींच्या सहवासात बाप्तिस्मा घेतल्यानंतरही रमाबाईंनी तेथील धर्माधिकाऱ्यांची आज्ञा निमूटपणे स्वीकारली नाही, आणि अमेरिकेत गेल्यावर एखाद्या मिशनची नोकरी पत्करण्याऐवजी तेथील लोकांना आपल्या कामाचे भागीदार करून घेतले. १८८७च्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ नावाची छोटी मंडळे निघाली, ज्यांचे सभासद दहा वर्षे दरसाल ठराविक वर्गणी देण्याचे वचन देत. या वर्गणीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही शाळा सुरू झाली, आणि गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत्या. शाळेत धर्मप्रसार होणार नाही ही तिची अट होती, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे तिच्या सल्लागार मंडळावर होती. पुढे मुलींच्या धर्मांतराचा वाद पेटून १८९३ साली त्यांनी अंग काढून घेतले, तेव्हा बोस्टनच्या असोसिएशनने चौकशी केली आणि ती रमाबाईंच्या पाठीशी उभी राहिली. पुण्यातील टीकाकारांचा संताप अकारण होता असे म्हणता येत नाही, कारण दिलेल्या शब्दाचा प्रश्न त्यात गुंतलेला होता. तथापि देणगीदार संस्था कामावर स्वार न होता त्याची चौकशी करून पाठराखण करते, हा नमुना त्या काळच्या मिशनव्यवहारात विरळा होता.

याच कार्यातून उलट दिशेचा प्रवाहही वाहिला. दौंडजवळच्या केडगाव येथील रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, जिथे १८९६नंतरच्या दुष्काळांतील अनाथ मुली व विधवा मोठ्या संख्येने राहत होत्या, १९०५ साली प्रार्थनेची एक विलक्षण लाट उसळली. तेथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकी मेथडिस्ट बाईंनी १९०६ साली त्यावर एक पुस्तिका लिहिली आणि तिची प्रत दक्षिण अमेरिकेतील चिली देशात, वालपाराइसो या बंदरातील पाळक विलिस हूवर यांच्या पत्नीला पाठवली, कारण त्या दोघी पूर्वी शिकागोत एकत्र शिकल्या होत्या. हूवर यांच्या मंडळीत १९०९ साली तशीच जागृती झाली आणि तिच्यातून चिलीतील पेंटेकोस्टल चळवळ, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी उपासनापरंपरा, जन्माला आली, जी आज त्या देशातील प्रॉटेस्टंटांचा सर्वांत मोठा भाग आहे. पुणे जिल्ह्यातील एका आश्रमातून निघालेली प्रेरणा कोणत्याही समितीच्या ठरावाशिवाय अर्धी पृथ्वी ओलांडून गेली. भारतीय मंडळ्या केवळ घेत आल्या, या समजुतीला याहून सबळ उत्तर क्वचितच सापडेल.

मिशन संस्थांनी हा धडा मात्र सावकाश गिरवला. १९१० सालच्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया या भारतीय पाळकांनी असे रोखठोक मांडले की मिशनरी पैसा देतात, कष्ट करतात, प्रसंगी प्राणही वेचतात, पण भारतीय सहकाऱ्यांना मैत्री देत नाहीत. सभागृहातील अनेकांना ते रुचले नाही. हेच अझरिया १९१२ साली निजामाच्या राज्यातील दोर्नकल येथे अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. स्वातंत्र्यानंतर प्रश्नाला राजकीय धार आली. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि त्या राज्याने नेमलेल्या न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी समितीने १९५६च्या अहवालात परदेशी पैसा व धर्मांतर यांच्या संबंधावर कठोर ताशेरे ओढले. ख्रिस्ती समाजाने त्या अहवालाला अन्यायकारक मानले. परंतु बाहेरच्या पैशावर चालणारी मंडळी आपल्याच गावात परकी ठरण्याचा धोका असतो, हे सत्य त्या वादातून मंडळ्यांनाही कळले.

आज दुसरबीडच्या परिसरात भागीदारीच्या तीन वेगळ्या पद्धती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. जालन्याची जुनी स्कॉटिश परंपरा २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चच्या एकीकरणातून स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली, जी स्वायत्त असून परदेशी चर्चशी बरोबरीच्या नात्याने करार करते. नाझरीन मंडळ्या एकाच जागतिक संघटनेचे विभाग आहेत, म्हणून त्यांचे प्रतिनिधी जागतिक महासभेत मत देतात. अलायन्स चर्च देशपरत्वे स्वतंत्र असून १९७५ साली स्थापन झालेल्या जागतिक बंधुसंघाने ती जोडलेली आहेत. सत्तावाटपाचा प्रयोग सर्वांत पुढे नेला तो कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशनने. १७९५ सालच्या लंडन मिशनरी सोसायटीचा वारसा सांगणाऱ्या या संस्थेने १९७७ साली आपला कारभार बदलला, आणि पूर्वी ज्यांना ‘क्षेत्र’ म्हटले जाई त्या आशिया, आफ्रिका व पॅसिफिकमधील चर्चना ब्रिटिश चर्चच्या बरोबरीने निर्णयाच्या मेजावर बसवले. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तिचे सभासद आहे. पैसा सामाईक, माणसे कोणत्याही देशातून कोणत्याही देशात, आणि मत प्रत्येकाला: तत्त्व इतके साधे असूनही त्याला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

कायद्यानेही या संबंधांना नवे वळण दिले आहे. परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा १९७६ साली आला, २०१० साली तो नव्याने झाला आणि २०२०च्या दुरुस्तीने परदेशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारणे बंधनकारक केले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली आणि मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई केली. या शेवटच्या अटीचा फटका लहान संस्थांना बसला, कारण मोठ्या संस्थेने परदेशातून निधी घ्यायचा आणि तालुक्याच्या गावातील वसतिगृहाला किंवा शिवणवर्गाला वाटायचा, ही चालत आलेली रीत त्यामुळे बंद झाली. ज्या मंडळ्यांनी स्थानिक वर्गणीची, साप्ताहिक दानार्पणाची आणि जमिनीच्या उत्पन्नाची सवय आधीच लावून घेतली होती त्या तगून राहतात; इतरांना पाळकाचा पगारही जड जातो. अशा स्थितीत परदेशी चर्चशी पुढे काय देवाणघेवाण करायची, हे ठरवण्याची पाळी प्रथमच खऱ्या अर्थाने मराठी मंडळ्यांवर आली आहे, आणि पाळकांचे प्रशिक्षण, परिचारिकांचे शिक्षण, परस्परांकडे पाहुणे शिक्षक पाठवणे व एकमेकांसाठी प्रार्थना करणे, म्हणजे ज्यांना बँकखाते लागत नाही अशा गोष्टी, त्या चर्चेत अग्रभागी येण्याजोग्या आहेत.