पायाला कळते, म्हणून पाय वाचतो

आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळद शिजवण्याच्या दिवसांत शेतात गरम हळदीजवळ कितीतरी माणसे अनवाणी वावरतात. चटका बसला की पाय आपोआप मागे येतो. पण ज्यांना अनेक वर्षांची शुगर आहे, त्यांच्यापैकी काहींना चटका कळतच नाही. फोड येतो, जखम चिघळते, तरी दुखत नाही. पायातले मज्जातंतू झिजलेले असतात.

वेदना पोहोचवणाऱ्या मज्जातंतूची पेशी कमरेत मणक्याजवळ असते. तिचा धागा पायाच्या बोटापर्यंत जातो. आईच्या पोटात बाळ घडताना हा धागा कातडीपर्यंत पोहोचतो, तेव्हा कातडी त्याला एक प्रथिन देते. त्याचे नाव एनजीएफ, म्हणजे मज्जातंतूची वाढ करणारा घटक. धागा ते पेशीपर्यंत नेतो. ज्या पेशीला ते पुरेसे मिळत नाही, ती मरते. मोठेपणीही वेदनेचे तंतू शाबूत राहण्यास त्याची मदत होते.

या प्रथिनात दोन सारख्या साखळ्या एकमेकींना बिलगलेल्या असतात. प्रत्येकीत ११८ अमिनो आम्ले असतात आणि गंधकाचे तीन बंध तिला गाठीसारखे घट्ट धरतात. म्हणूनच ते तंतूच्या टोकावरील ग्राहकावर कुलुपात किल्ली बसावी तसे बसते.

याचा शोध लावणाऱ्या रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी इटलीच्या. मुलींनी विद्यापीठात शिकावे हे वडिलांना पसंत नव्हते, तरी त्या डॉक्टर झाल्या. १९३८ च्या कायद्यांनी ज्यू म्हणून त्यांचे काम बंद झाले. त्यांनी झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून हत्यारे केली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भ अभ्यासले. पुढे अमेरिकेत एनजीएफ सापडले. १९८६ मध्ये त्यांना व सहकारी स्टॅन्ले कोहेन यांना नोबेल मिळाले.

हे प्रथिन टोचून शुगरच्या रुग्णांचे तंतू सुधारतील, अशी आशा होती. हजाराहून अधिक रुग्णांवरील मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. तेव्हा शुगर ताब्यात ठेवणे आणि पाय जपणे, हेच आपल्या हाती आहे.

त्यासाठी वुजूची वेळ उत्तम. पाय धुताना बोटांच्या फटीत बोट फिरवतोच. तेव्हा नजरही फिरवावी. तळवा दिसत नसेल तर नातवंडांना पाहायला सांगावे. पाणी गरम असेल तर आधी घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावे. नंतर फटी कोरड्या पुसाव्यात. जखम दिसली, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.