दानपेटी आणि दिवसाचे चार तास

आपल्याकडचं दान बहुतेक दोनच मापांत होतं: एक वेळचा भंडारा, नाहीतर कायमचा वृद्धाश्रम. या दोहोंच्या मधे जी गरज आहे तिच्यासाठी कुणी पावती फाडत नाही. माणसं ओळखेनाशी झालेली आई, पक्षाघातानं एक बाजू लुळी पडलेले वडील, पस्तिशी गाठलेला मतिमंद मुलगा यांना घरीच ठेवायचं असतं आणि घरं ते करतातही. पण सांभाळणारं माणूस, म्हणजे बहुधा सून, बायको किंवा लेक, वर्षानुवर्षं एक दुपार स्वतःची म्हणू शकत नाही. तिला दवाखान्यात जायचं असतं, बँकेत जायचं असतं, कधी नुसतं झोपायचं असतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, दिवसाचे चार तास, ओळखीच्या जागी त्या माणसाकडे प्रेमानं बघणारं कुणी असलं तर असं घर तग धरतं. माझं म्हणणं असं की लहान गावात हे विसावा केंद्र प्रार्थनास्थळाच्या आवारातच उभं राहू शकतं, आणि ते गावानं दिलेल्या लहान लहान देणग्यांवरच चाललं पाहिजे. हे पडताळायला मी झाशी जिल्ह्यातलं बरुआसागर घेतलं आहे.

मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. १७४२ साली पेशव्यांतर्फे नारो शंकर झाशीला सुभेदार म्हणून आला, त्यानं किल्ला वाढवला, पेठ वसवली. त्याच्याच नावाचं देऊळ नाशकात गोदाकाठी उभं आहे. पुढे नेवाळकरांच्या अमदानीत मराठी घरं झाशीत रुजली, आणि ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचं लग्न लागलं, ते आजही तिथल्या मराठी मंडळींच्या सांभाळात आहे. बरुआसागर झाशीहून मऊरानीपूरच्या रस्त्यावर, वीस-बावीस किलोमीटरवर. ओरछाच्या राजा उदितसिंहाच्या काळातला किल्ला आणि त्याखालचा विस्तीर्ण तलाव, गावाबाहेर जराईचा मठ हे प्रतिहारांच्या काळातलं देखणं देऊळ, आणि आसपासच्या मळ्यांतल्या आल्याचा नि भाजीपाल्याचा बाजार ही गावाची ओळख. वस्ती वीस-पंचवीस हजारांची. बुंदेलखंडातली तरुण माणसं कामासाठी दिल्लीकडे, गुजरातकडे जातात. मागे म्हातारी माणसं उरतात आणि त्यांचं करणाऱ्या बायका.

आकडे आणि कायदे थोडक्यात उरकतो. भारतात साठीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानं दिला. बायकांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त. बरुआसागरात साठीपुढची दोन हजार माणसं धरली तर दीडशेच्या आसपास घरं झाली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘विकास’ नावाची दिवसकेंद्रांची योजना आहे, पण ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. म्हातारपणी स्मृती गेलेल्यांना तिच्यात जागा नाही. ज्येष्ठांच्या चरितार्थाच्या २००७ च्या कायद्यात दिवसकेंद्रं आणू पाहणारं २०१९ चं दुरुस्ती विधेयक मंजूर झालं नाही. आपल्या शहरांतली विरंगुळा केंद्रं चांगली आहेत, पण ती स्वतःच्या पायांनी येऊन स्वतःच्या पायांनी घरी जाणाऱ्यांसाठी आहेत.

आता पुरावा. सगळ्यांत भक्कम पुरावा आपल्या शेजारचा, गोव्यातला आहे. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्देश आणि तिसवाडी तालुक्यांत स्मृतिभ्रंशाच्या ८१ रुग्णांच्या घरांचा अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना लगेच मदत दिली, उरलेल्यांना नंतर. मदत करणारी माणसं डॉक्टर नव्हती, परिचारिकाही नव्हत्या. बारावी पास, तिथली भाषा येणारी आणि म्हाताऱ्या माणसांची आस्था असणारी, एवढीच अट. त्यांना आठवडाभराचं शिक्षण दिलं आणि पाठीशी एक मानसोपचारतज्ज्ञ ठेवला. ही माणसं घरी जाऊन बसत. हा आजार आहे, हट्ट नाही, हे समजावून देत. आंघोळ घालताना, जेवू घालताना काय करावं ते सांगत. सरकारी योजनेचा अर्ज दाखवत. एका घराची दुसऱ्या घराशी गाठ घालून देत. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा रुग्णांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक होता तो सांभाळणाऱ्यांत: त्यांची मनःस्थिती सुधारली होती, त्रास कमी झाला होता. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. आजार बरा करता येत नसला तरी घर वाचवता येतं, आणि त्यासाठी लागणारी माणसं प्रत्येक गावात आहेत, हे त्यातून सिद्ध झालं.

त्याआधी, २००१ साली, डॉ. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यातच लोकांशी बोलून एक गोष्ट टिपली होती. म्हाताऱ्या माणसाची स्मृती गेली, ते भ्रमिष्टासारखं वागू लागलं, की लोक त्याचं कारण मुलांच्या वागण्यात शोधत: पोरांनी हेळसांड केली, माया लावली नाही. आजाराचा दोष असा थेट सुनेच्या नाहीतर मुलाच्या पदरी पडतो. अशा समाजात सासूला केंद्रात नेऊन सोडणाऱ्या बाईला शेजारीपाजारी काय म्हणतील, हे वेगळं सांगायला नको. प्रार्थनास्थळाचं खरं महत्त्व इथे आहे. लहान गावात म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून नेलं आणि चार तास तिथेच बसवलं, तरी घराची अब्रू जात नाही अशी वास्तू एकच. देवळात पोचवायला गेलेल्या सुनेकडे कुणी बोट दाखवत नाही. जागा सरकारी इमारतीतही मिळेल, पैसा एखादी कंपनीही देईल. पण ही मोकळीक त्यांच्याकडून मिळणार नाही.

दुसरं कारण आजाराच्या स्वभावातलं आहे. कालचं जेवण आठवत नाही अशा माणसाला लहानपणी तोंडात बसलेलं गाणं पुष्कळदा शेवटपर्यंत येतं. बुंदेलखंडातल्या या पिढीला रामचरितमानसाच्या चौपाया आणि महोब्याचा आल्हा ऐकून ऐकून पाठ आहे. ढोलक वाजली, पहिली ओळ कुणी उचलली, की इतर वेळी गप्प बसणारा म्हातारा पुढची ओळ म्हणतो, आणि चारचौघांत तो तेवढ्यापुरता जाणता ठरतो. कुठल्याही खेळण्याच्या डब्यापेक्षा हे साधन सरस आहे, आणि त्याला पैसा पडत नाही.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात मेथडिस्ट चर्चमध्ये २०१२ साली डॅफ्नी जॉन्स्टन यांनी असं केंद्र सुरू केलं. दिवसाचे चार तास, बरेचसे स्वयंसेवक, औषधपाणी नाही. गाणी, चित्रं, गप्पा, जेवण. तिथे आलेली मंडळी आणि स्वयंसेवक यांच्या छातीवरच्या नावपट्ट्या एकसारख्या असतात, त्यामुळे कोण कुणाला सांभाळतंय हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. ही एवढी पट्टी मला त्या साऱ्या उपक्रमाचा गाभा वाटते. पुढे तिथूनच इतर चर्चना शिकवणारी संस्था निघाली. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठाननं २५ ठिकाणी अशा सेवेला सुरुवातीचा पैसा दिला. तिथे एका पंथानं एकट्यानं उभं राहायचं नव्हतं, गावातल्या निरनिराळ्या पंथांनी मिळून काम करायचं होतं. ही कल्पना आपण जशीच्या तशी उचलावी.

पण पैसा? इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण लोकवर्गणीच्या इतिहासात महाराष्ट्राइतकी श्रीमंत परंपरा फार थोड्यांकडे असेल. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्या कारखान्याचा तंत्रज्ञ ईश्वरदास वार्ष्णेय हा संयुक्त प्रांतातला, आजच्या उत्तर प्रदेशातला. काचकाम अमेरिकेत शिकून आलेला. पुढे त्यानं आपल्या मुलखात बहजोईला काचेचा कारखाना काढला. पुण्या-मुंबईच्या पैशा-पैशाचं फळ असं उत्तरेलाही पोचलं. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांनी मुष्टिफंड मागितला: बायकांनी रोज दळणातली मूठ बाजूला काढायची आणि वसतिगृहातल्या पोरांना द्यायची. मुठीनं घराचं काही उणं होत नाही, पण ती रोज काढताना ती पोरं रोज आठवतात. मोठ्या देणगीदाराला एकदाच आठवण येते, दगडावर नाव कोरतानाची. गाडगेबाबांनी कीर्तनातून जमलेल्या पैशावर धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. गाडगेबाबांच्याच नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात. रुग्णाबरोबर त्याच्या माणसालाही आसरा हवा, हे तिथे ओळखलेलं आहे. आणि वेळेचं दान पाहायचं तर शेगाव. गजानन महाराज संस्थानात गावोगावचे सेवाधारी पाळीनं येतात, नेमून दिलेलं काम विनामोबदला करतात आणि परत शेताकडे जातात. सेवेसाठी माणसं मिळत नाहीत ही तक्रार शेगाव पाहिलेल्यानं करू नये.

केरळनं हेच आजारपणाच्या कामात करून दाखवलं. १९९३ मध्ये कोळिकोडला वेदनाशामक सेवेचं काम सुरू झालं आणि काही वर्षांत मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत गावोगावी स्वयंसेवकांची जाळी विणली गेली. पैसा मुख्यतः गावातल्या लहान लहान देणग्यांचा. २००८ साली राज्य सरकारनं या सेवेचं धोरण जाहीर केलं. लोक आधी उभे राहिले, सरकार मागून आलं. ‘हे तर सरकारचं काम’ या आक्षेपाला माझं उत्तर यातच आहे. सरकारचं कर्तव्य मला मान्यच आहे. पण चालतं केंद्र समोर दाखवून मागितलेला हक्क लवकर पदरात पडतो.

बरुआसागरचा हिशेब मांडून पाहू. दर अंदाजानं धरलेले. पाच माणसांचं एक घर मानलं तर पाचेक हजार घरं. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शानं, म्हणजे १,२०० घरांनी, महिन्याला १० रुपये दिले तर १२,००० रुपये झाले. पंधरा माणसं, महिन्यातले बारा दिवस. चहा-नाश्ता माणशी २० रुपये म्हणजे ३,६००. ई-रिक्षाच्या नेण्या-आणण्याचे दिवसाला ३०० म्हणजे ३,६००. पगारी मदतनीस बाईला दिवसाला ३०० म्हणजे आणखी ३,६००. उरले १,२०० फिनेल, साबण आणि विजेला. मदतनीस पगारीच हवी, कारण कपडे खराब झालेल्या माणसाला स्वच्छ करण्याचं काम कुणाच्या भक्तिभावावर सोपवता येत नाही. बाकी सारं फुकट मिळतं: सभागृह, सतरंज्या, बाजारातून भाजी, आणि निवृत्त शिक्षकांच्या सकाळी. पेटीवर ‘धर्मादाय’ असं मोघम न लिहिता ‘विसावा केंद्रासाठी’ असं लिहावं, आणि दर महिन्याचा जमाखर्च त्याच दारावर लावावा. केंद्राचा न्यास मंदिराहून वेगळा नोंदवावा. प्राप्तिकराची ८० जी सवलत एका धर्माच्या लोकांपुरत्या कामाला मिळत नाही, आणि धार्मिक खर्च उत्पन्नाच्या पाच टक्क्यांवर गेला तर ती जाते.

सगळ्यांत गंभीर आक्षेप धर्माचाच. देवळाच्या आवारात दलित म्हातारीला, मुसलमान म्हाताऱ्याला जागा मिळेल का? जिथे मिळणार नाही तिथे हे केंद्र काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गाभाऱ्याचे नियम सभागृहाला लागू नयेत, ही पहिली अट लेखी असावी. एका वास्तूवर अवलंबून न राहता वार वाटून घ्यावेत: एक दिवस मंदिराचं सभागृह, एक दिवस जैन किंवा शीख मंडळींची जागा, एक दिवस चर्चची. झाशीच्या सेंट ज्यूड तीर्थस्थानी सगळ्या धर्मांची माणसं नवस बोलायला जातात. एकमेकांच्या दारात जाण्याची या भागातल्या माणसांना सवय आहे. उपदेश, दीक्षा, दर्शनाची सक्ती यांतलं काही नको. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो बरोबरच आहे. बरुआसागरात तर तलाव जवळ. भरकटणारं माणूस डोळ्याआड होऊन चालत नाही. म्हणून फाटक एकच, तिथे एक माणूस कायम, दर तीन जणांमागे एक स्वयंसेवक, औषध घरच्यांनीच द्यायचं, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना इथे आणायचं नाही. गोव्यातल्या कार्यकर्त्यांसारखं आठवड्याचं शिक्षण घेतल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नये. तिसरा आक्षेप, ‘सांभाळणं हा घरच्यांचा धर्म’, मला पटत नाही असं नाही. पण हा धर्म एकाच बाईच्या अंगावर टाकून बाकीचे कीर्तनाला बसतात, तेव्हा धर्म पाळणारी ती एकटीच असते.

देवस्थानांच्या विश्वस्तांच्या बैठका होत असतात. वाचक बरुआसागरचा असो, झाशीच्या गणेश मंदिराशी नातं सांगणारा असो वा सातारा-सांगलीचा, त्यानं आपल्या बैठकीत दोन प्रश्न विचारावेत: आपलं सभागृह मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहा ते दोन रिकामं असतं का, आणि आपल्या आळीत कुणाच्या घरी स्मृती गेलेलं माणूस आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बायकांना विचारावं. त्यांना घरं ठाऊक असतात.